आधी सावली मोजा, मग फांदीला हात लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की खान्देशात गहू, हरभरा, दादर (रब्बी ज्वारी), कांदा मार्गी लागतो आणि त्याच सुमारास बांधावरच्या झाडांवरून शेजाऱ्यांत बोलाचाली सुरू होते. "तुमच्या निंबाने माझं दोन गुंठे रान खाल्लं" हे वाक्य यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत कुठेही ऐकू येते. शहरांत तोच वाद वेगळ्या रूपात आहे. प्लॉट लहान, घरे उंच, शेजारच्या आवारातले बदाम, गुलमोहर, अशोक खिडक्यांवर आलेले, आणि आता त्यात छतावरच्या सोलर पॅनलची भर पडली आहे. पुढे एक तर दोन घरांचे बोलणे कायमचे बंद होते, नाही तर एखाद्या रात्री झाडाच्या बुडाशी पऱ्हाट्यांचा ढीग पेटतो. हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी सावली नेमकी कुठे, केव्हा आणि किती वेळ पडते हे आधी समजून घ्यायला हवे.

जळगाव, धुळे, नंदुरबार हा पट्टा साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या आसपास इथे भर मध्यान्हीलाही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम 45 अंशांवर असतो. म्हणून त्या दिवसांत दुपारची सावली जवळपास झाडाच्या उंचीएवढी आणि थेट उत्तरेला पडते. आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमारास होते. कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. सकाळी साडेनऊला सूर्य 27-28 अंशांवर असतो. तेव्हा सावली उंचीच्या जवळजवळ दुप्पट होऊन वायव्येला जाते, आणि दुपारी साडेतीनला तेवढीच ईशान्येला. 12 मीटर उंचीचा निंब धरला, तर साडेबाराला त्याची सावली 12 मीटर उत्तरेला आणि साडेनऊला सुमारे 23 मीटर वायव्येला पोचते. मार्च-सप्टेंबरच्या 20-22 तारखांना दुपारची सावली साडेचार मीटरच्या आसपास राहते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारची सावली झाडाच्या घेराबाहेर जातच नाही.

या आकड्यांतून बरेच वाद तिथेच सुटतात. खरिपाच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावर असल्याने बांधावरच्या झाडाच्या सावलीचा फारसा जाच नसतो. जाच सुरू होतो तो ऑक्टोबरपासून. कपाशीची बोंडे पोसण्याची आणि फुटण्याची वेळ तीच. कपाशीला ऊन कमी पडले की पात्या (फुलकळ्या) आणि लहान बोंडे गळतात, उरलेली उशिरा फुटतात, आणि खालच्या पानांवर ओल टिकून दहिया हा बुरशीचा रोग वाढतो. सावलीतल्या गव्हाला फुटवे कमी येतात, ताटे लांब व नाजूक होऊन लोळतात. हरभरा नुसता वाढतो, घाटे धरत नाही. कांद्याची पात हिरवीगार दिसते आणि खाली गड्डा पोसत नाही. म्हणजे जो त्रास आहे तो मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातला, आणि तो झाडाच्या उत्तरेकडच्या शेतकऱ्याला.

दिशेची ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. ज्याच्या शेताच्या उत्तर बांधावर झाडे आहेत, त्याच्या स्वतःच्या पिकावर हिवाळ्यात त्या झाडांची दुपारची सावली पडतच नाही. ती सगळी पलीकडच्या रानात जाते. झाडमालक आपल्या बाजूने पाहतो, त्याला दिवसभर ऊन दिसते आणि शेजाऱ्याची तक्रार खोटी वाटते. तो खोटे बोलत नसतो, त्याला खरोखर दिसत नसते. अशा वेळी डिसेंबरात दुपारी साडेबाराला त्याला सोबत घेऊन उत्तरेकडच्या वाफ्यात उभे राहावे. निम्मे काम तिथे होते. उलट, झाड तुमच्या शेताच्या उत्तरेला असेल आणि रब्बीचे पीक मार खात असेल, तर सावलीला दोष देऊ नये. कारण दुसरे आहे, ते पुढे सांगतो.

एकटे झाड आणि झाडांची रांग यांतही मोठा फरक आहे. एकट्या झाडाची सावली सरकत राहते. 12 मीटरच्या झाडाच्या वरच्या भागाची सावली हिवाळ्यात मध्यान्हीच्या सुमारास तासाला 4 मीटर पूर्वेकडे जाते. घेर 8 मीटरचा असेल तर एका जागेवर साधारण दोन तास सावली राहते. तेवढ्याने पीक बुडत नाही. खरा घात होतो तो पूर्व-पश्चिम बांधावर एकमेकांत घुसलेल्या झाडांच्या रांगेने. एका झाडाची सावली सरकली की दुसऱ्याची येते आणि तो पट्टा दिवसभर अंधारात राहतो. दक्षिणोत्तर बांधावरची रांग सकाळी पश्चिमेकडच्या आणि दुपारनंतर पूर्वेकडच्या शेतावर सावली टाकते, त्यामुळे नुकसान वाटले जाते. म्हणून पूर्व-पश्चिम रांगेत पहिला उपाय म्हणजे झाडांच्या माथ्यांमध्ये फटी पाडणे. दर तिसऱ्या-चौथ्या झाडाचा घेर आवरला आणि दोन माथ्यांत 3-4 मीटर मोकळे आकाश ठेवले, तरी सावली तुटक होते आणि प्रत्येक वाफ्याला दिवसातून काही तास सरळ ऊन मिळते.

उंची मोजायला झाडावर चढावे लागत नाही. सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी, तिची सावली मोजावी, आणि त्याच वेळी झाडाच्या बुडापासून शेंड्याच्या सावलीपर्यंतचे अंतर मोजावे. झाडाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागले की उंची मीटरमध्ये मिळते. ती कळली की वर्षातल्या कोणत्याही महिन्यात डिसेंबरची सावली शेतात आखता येते: बुडापासून उत्तरेला उंचीएवढ्या अंतरावर एक खुंटी, तिथून नव्हे, पुन्हा बुडापासूनच, वायव्येला आणि ईशान्येला उंचीच्या दुप्पट अंतरावर एकेक खुंटी. या तीन खुंट्यांच्या आतला भाग सावलीचा. तक्रार करण्याआधी आणि नवे झाड लावण्याआधीही हे करून पाहावे.

आता दुसरे कारण, मुळे. बांधालगतचे पीक खुरटते तेव्हा दर वेळी सावलीच दोषी नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे. सावलीतले रोप उंच, बारीक, फिकट होते आणि उजेडाच्या बाजूला झुकते, आणि नुकसान झाडाच्या उत्तरेलाच जास्त दिसते. मुळांच्या ओढीत सापडलेले रोप बुटके राहते, दुपारी माना टाकते, पाणी दिल्यावर उठते, आणि नुकसान झाडाच्या चारही बाजूंना सारखे गोल दिसते. निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ यांच्या बाबतीत बहुधा मुळांचाच भाग मोठा असतो. तिथे फांद्या कितीही तोडल्या तरी पीक सुधारत नाही आणि शेजारी मात्र दुखावतो.

मुळांसाठी आपल्या हद्दीत चर काढावा. खोली 60 ते 75 सेंटीमीटर, रुंदी 30 सेंटीमीटर. बुंध्यापासूनचे अंतर बुंध्याच्या जाडीच्या किमान आठपट ठेवावे, म्हणजे 30 सेंटीमीटर जाडीच्या झाडाला निदान अडीच मीटर. त्याहून जवळ गेलात तर झाडाला धरून ठेवणारी मुळे तुटतात आणि वळवाच्या वादळात ते झाड उन्मळून तुमच्याच शेतात किंवा तारांवर पडते. दोन्ही बाजूंची मुळे एकाच वर्षी कधीही तोडू नयेत. चरात लागलेली मुळे जेसीबीच्या बकेटने ओढून फाडण्यापेक्षा धारदार कुऱ्हाडीने साफ तोडावीत. फाटलेले मूळ आतपर्यंत कुजते. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत चर उघडा ठेवला तर पावसाळ्यात कडा ढासळतात आणि बांधच सरकतो, म्हणून तोडणी झाली की चर लगेच बुजवावा. मुळे दोन-तीन वर्षांत परत येतात, तेव्हा काम पुन्हा करावे लागते.

छाटणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वात जास्त नासाडी तिथे होते. आपल्याकडे छाटणी म्हणजे कोयता-कुऱ्हाड घेऊन एक माणूस वर चढवायचा आणि शेंडा उडवायचा. शेंडा उडवला की झाड घाबरल्यासारखे कापाखालून डझनावारी कोंब फेकते. हे कोंब नुसत्या सालीच्या आधाराने चिकटलेले असतात, भराभर वाढतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे आधीपेक्षा दाट झुबका तयार होतो. सावली वाढते, आणि तो झुबका वादळात निखळतोही. वरचा उघडा काप पाणी साठवून कुजतो, आत पोकळी होते. एवढे करून सूर्याचा कोन तोच राहतो.

सावली कमी करायची तर तीन कामे करावीत. एक, खालच्या फांद्या काढून माथा वर उचलणे. मात्र झाडाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशापलीकडे खोड उघडे करू नये. याने सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन माथ्याखालून आत येते. दोन, माथा विरळ करणे. म्हणजे बाहेरच्या घेरातल्या, मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाळलेल्या फांद्या निवडून काढणे. आतली पालवी साफ करून टोकाला गुच्छ ठेवण्याची चूक फार होते. अशी फांदी टोकाला जड होते आणि मे-जूनच्या वाऱ्यात मधोमध मोडते. तीन, ज्या लांब फांद्या हद्दीपलीकडे गेल्या आहेत त्या आखूड करणे. आखूड करताना मध्येच कुठेही न तोडता अशा बाजूच्या फांदीपाशी तोडावे, जिची जाडी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. म्हणजे ती उपफांदी पुढची जागा घेते आणि कोंबांचा झुबका येत नाही. तिन्ही मिळून एका वर्षात पाव माथ्याहून जास्त काढू नये. जास्त काढायचेच असेल तर दोन हिवाळ्यांत वाटून घ्यावे.

जाड फांदीला तीन काप द्यावेत. पहिला खालून, खोडापासून 30-40 सेंटीमीटर अंतरावर, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या 3 ते 5 सेंटीमीटर पुढे. इथे फांदी मोडून पडते, पण साल खोडापर्यंत सोलली जात नाही. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते, त्या कड्याच्या लगेच बाहेर कापावे. कडेच उडवले तर जखम भरत नाही. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कीड-बुरशी खोडात नेतो. हे काम करवतीचे आहे, कोयत्याचे नाही. जड फांदी दोर बांधून हळू उतरवावी, नाही तर खालची केळी किंवा ठिबकच्या नळ्या जातात.

निंब, शिरस, बाभूळ यांच्या छाटणीसाठी पाऊस पूर्ण उघडल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ चांगला. रब्बीला लगेच ऊन मिळते, पक्ष्यांची बहुतेक घरटी तेव्हा रिकामी असतात (तरी चढण्याआधी नजर फिरवावीच, आग्या मोहोळही असते), आणि फेब्रुवारी-मार्चच्या पालवीआधी झाड सावरते. एप्रिल-मेमध्ये छाटणी करू नये. खान्देशात पारा 44-45 अंशांवर जातो, आणि आजवर सावलीत असलेली साल उघडी पडली की उन्हाने करपून तडकते. भर पावसात केलेल्या कापांवर बुरशी धरते. आंब्याची छाटणी हिवाळ्यात केली तर मालकाचा मोहोर जातो, म्हणून ती फळे उतरवल्यावर जूनमध्ये करावी. चिंच झोडून झाल्यावर हलकी करावी. आंब्याच्या मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत 5-5 लिटर पाण्यात भिजवून नंतर एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. तयार झाल्यावर त्यात विळ्याचे पाते थोडा वेळ बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा.

घराच्या खिडकीचे गणित शेतापेक्षा वेगळे आहे. समजा खिडकी जमिनीपासून 2 मीटर उंच आहे आणि शेजारचे झाड दक्षिणेला 5 मीटरवर आहे. डिसेंबरच्या दुपारी त्या खिडकीत येणारा किरण झाडापाशी 7 मीटर उंचीवरून येतो. म्हणजे 12 मीटरचे झाड शेंडा कापून 9 मीटरवर आणले, तरी दुपारचे ऊन खिडकीत येणार नाही. ऊन अडवतो तो 6 ते 8 मीटरमधला पट्टा, आणि तो विरळ केला पाहिजे. खोलीतला रोजचा उजेड मात्र उन्हापेक्षा मोकळ्या आकाशाचा असतो. खोलीच्या मध्यावर बसून खिडकीतून आकाशाचा तुकडा दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर खिडकीसमोरच्या आणि भिंतीकडे आलेल्या फांद्या तेवढ्या काढल्या तरी फरक पडतो. अमळनेर, एरंडोल, चोपडा यांसारख्या गावांतल्या जुन्या दाट गल्ल्यांत, धाब्याच्या घरांत, एक फांदी हटवल्याने दिवसा दिवा लावणे थांबते. आणि उन्हाळ्यात त्याच झाडाने ती भिंत थंड ठेवलेली असते, म्हणून अख्खे झाड पाडण्याची मागणी करू नये.

सोलरवाल्यांनी तर पॅनल बसवण्याआधीच शेजारच्या झाडांकडे पाहायला हवे. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छतांवर पॅनल झपाट्याने वाढले आणि शेतात सौर कृषिपंप आले. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावली तेवढ्यापुरती राहत नाही. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एका ओळीवर सावली आली की पॅनलचा साधारण तिसरा हिस्सा बंद पडतो. उन्हाळ्यात बसवलेला संच उत्तम चालतो आणि डिसेंबरात वीज घटते, तेव्हा दोष कंपनीवर ढकलला जातो. कारण दक्षिणेकडचा शेजारचा निंब असतो. झाड बरोबर दक्षिणेला असेल तर पॅनल त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून उत्तरेला बसवावेत, म्हणजे साडेनऊ ते साडेतीन सावली लागत नाही. छतावरच्या पॅनलसाठी झाडाची उंची छतापासून वर किती आहे तेवढीच धरावी.

कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. पहिला असा की, तहसीलदाराकडे अर्ज केला की तो झाड काढायला लावील. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदार शेतरस्त्याचा आणि पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाचा अडथळा दूर करू शकतो, तेही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा केला तर. पिकावरच्या सावलीची तरतूद त्यात नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मध्ये उजेडाचा हक्क आहे, पण तो इमारतीसाठी आणि सलग 20 वर्षे बिनहरकत उपभोगला असेल तर. उघड्या शेतातल्या पिकाला तो मिळत नाही. इमारतीलाही तो मिळतो तो खिडकीचा उजेड राहण्याच्या सोयीत किंवा नेहमीच्या धंद्यात ठळक बाधा आणण्याइतका अडला तरच. शिवाय हक्क असला तरी अडथळा स्वतः हटवता येत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. झाड धोकादायक रीतीने कललेले असेल, पडून माणसाला इजा होण्यासारखे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात. तेही धोक्यासाठी, उजेडासाठी नव्हे.

दुसरा गैरसमज, "माझ्या हद्दीत आलेली फांदी मी केव्हाही तोडीन." लोंबणारी फांदी कितीही वर्षे लोंबली तरी ती तशीच ठेवण्याचा हक्क झाडमालकाला मिळत नाही, हे खरे. पण महापालिका आणि नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. त्यात तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणे आणि त्याला इजा करणेही येते. म्हणून मोठ्या छाटणीआधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते, तिथे जास्त काळजी हवी. अर्जात झाडाची जात, अंदाजे उंची, खोडाचा घेर, चारही बाजूंचे फोटो, कोणत्या फांद्या आणि का, हे लिहावे, आणि झाडमालकाची सही जोडावी. "झाडाचा त्रास होतो" एवढ्या एका ओळीच्या अर्जावर कोणी पाहायला येत नाही. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 आहे. त्याच्या परिशिष्टात साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, अंजन, चंदन वगैरे झाडे आहेत. त्यांच्या मोठ्या फांद्यांना हात लावण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे, आणि लाकूड हलवायचे असेल तर वाहतूक परवान्याचेही तिथेच विचारावे. अक्कलकुवा-अक्राणी भागात झाडमालक आदिवासी खातेदार असेल तर झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. परस्पर व्यवहार करू नये.

झाड नेमके कोणाचे, हा प्रश्न असेल तर छाटणीची बोलणी थांबवून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडे नोंदवता येतात. ती नोंद दोघांनीही करावी, पुढे पुराव्याला उपयोगी पडते. खोड हद्दीच्या रेषेवरच असेल तर झाड दोघांचे समजून चालावे.

कायद्याचा आधार असा तोकडा असल्यामुळे खरा मार्ग लेखी समजुतीचाच. साध्या कागदावर लिहावे: कोणते झाड, कोणत्या फांद्या (रंगाने खूण करून फोटो), कोणत्या महिन्यात, मजुरी कोणाची, लाकूड आणि पाला कोणाचा, काम करताना नुकसान झाले तर भरपाई कोणाची, आणि पुढची छाटणी किती वर्षांनी. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. सावलीचा त्रास ज्याला आहे त्याने मजुरी द्यावी आणि लाकूड-पाला झाडमालकाने घ्यावा, ही वाटणी दोन्ही बाजूंना पटते. मालक तयार होत नसेल तर गावातल्या तंटामुक्त समितीपुढे विषय ठेवावा. 15 ऑगस्ट 2007 पासून चाललेल्या या मोहिमेत असेच तंटे मिटवण्याची सोय आहे. समितीने निवाडा देण्याआधी दुपारी शेतात येऊन सावली पाहावी, एवढा आग्रह धरावा.

समजूत होईपर्यंत सावलीचा 3-4 मीटरचा पट्टा पडीक टाकण्याची गरज नाही. गिनी गवत सावली सोसते, हळद अर्धवट सावलीत येते. कपाशी, कांदा, गहू त्या पट्ट्यात नकोत.

ज्याची सगळ्यात जास्त चीड येते ते शेवटी लिहितो. रात्री बुडाशी काडीकचरा पेटवणे, खोडाची साल गोल सोलणे, खोडाला भोके पाडून डिझेल किंवा तणनाशक ओतणे. असे झाड लगेच पडत नाही. ते वर्ष-दोन वर्षे वाळत उभे राहते, मुळे कुजतात, आणि मग वादळात ते रस्त्यावरून जाणाऱ्यावर, तारांवर किंवा पेटवणाऱ्याच्याच गोठ्यावर कोसळते. वाळलेले झाड उतरवणे जिवंत झाडापेक्षा कितीतरी धोक्याचे, कारण चढणाऱ्याच्या वजनाने फांदी केव्हा तुटेल याचा भरवसा नसतो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात तर बांधावरची झाडे उन्हाळी झळा आणि वादळी वारे अडवतात. ती जाळणारा माणूस आपल्याच घडांचे नुकसान करतो.

विजेच्या तारांचे एक स्वतंत्र सांगणे. फांदी तारांपासून 3 मीटरच्या आत असेल तर स्वतः किंवा रोजंदारीच्या माणसाकडून तोडू नये. ओली फांदी वीज वाहून नेते. महावितरणच्या उपविभागात अर्ज देऊन वीज बंद करून घ्यावी, आणि बंद झाल्याची खात्री लाइनमन समोर असतानाच करावी. वाहिनीत अडथळा आणणारे झाड काढण्याची तरतूद विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 68 मध्ये आहे आणि तो अर्ज महावितरणनेच करायचा असतो.

ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या. महावितरण पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तारांलगतच्या फांद्या तोडते, तेही भर उन्हाळ्यात आणि कोयत्याने. तेच काम नोव्हेंबर-डिसेंबरात घेतले आणि त्या दिवशीच्या वीजबंदीची तारीख गावाला आठवडाभर आधी कळवली, तर बांधांवरची आणि आवारांतली खासगी छाटणीही त्याच दिवशी सुरक्षितपणे उरकता येईल. आणि तीन कापांची पद्धत, दोर-पट्ट्याचा वापर गावातल्या झाड चढणाऱ्या मजुरांना शिकवण्याची एक दिवसाची सोय कृषी विभाग आणि वन विभाग यांनी मिळून प्रत्येक तालुक्यात ऑक्टोबरमध्ये करावी. हे मजूर आज हेल्मेटशिवाय, कमरेला दोर न बांधता 10-12 मीटरवर काम करतात, आणि पडले तर त्यांची जबाबदारी ना झाडमालक घेतो, ना शेजारी.

आपला,
एक वाचक, चोपडा तालुका, जि. जळगाव